रबराचा पहिला ताण



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर पदार्थांच्या चाचण्या घेतल्या आणि आमच्यासारख्या अनेकांना त्या घ्यायला शिकवले. म्हणून आजचा विषयही मी चाचणीच्या टेबलावरचाच निवडला आहे. रबर पुन्हा पुन्हा ताणले की मऊ पडते. ते का पडते, किती पडते आणि हे मऊ पडणे गणितात कसे आणायचे, याबद्दल मी बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण गाडीच्या इंजिनाखालचा रबरी ठोकळा, पुलाच्या तुळईखालचे बेअरिंग आणि भूकंपात इमारतीला सावरून धरणारा रबरी पाया यांचे सगळे हिशेब या एका प्रश्नावर उभे आहेत.

साधा फुगा घ्या. पहिल्यांदा फुगवताना गाल दुखून येतात. हवा सोडून तोच फुगा लगेच पुन्हा फुगवा, काम कितीतरी सोपे होते. दोन फुंकरींमध्ये रबरात काहीतरी बदलले आहे. हा बदल प्रयोगशाळेत नीट पाहायचा तर रबराची एक पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची आणि सावकाश ताणायची. लांबी वाढते तसे लागणारे बळ वाढत जाते आणि आलेखावर एक चढती रेषा उमटते. पट्टी दुप्पट लांब झाली की थांबायचे आणि तिला परत सैल सोडायचे. परतीची रेषा पहिल्या रेषेवरून येत नाही, ती बरीच खालून येते. पट्टी पुन्हा ताणली तर ती या खालच्या वाटेच्या जवळपासच वर चढते. म्हणजे दीडपट लांबीला आधी जेवढे बळ लागले होते, त्याहून आता खूपच कमी लागते.

खरी गंमत यापुढे आहे. दुसऱ्या खेपेला दुप्पट लांबीवर न थांबता पट्टी अडीचपट ताणली, तर जुनी मर्यादा ओलांडताच रेषा वर उचलली जाते आणि मूळच्या, कधीच न ताणलेल्या रबराच्या रेषेला जाऊन मिळते. जणू मधल्या काळात काही घडलेच नव्हते. आता अडीचपटीवरून परत फिरलात, तर नवी, आणखी खालची वाट तयार होते. रबर किती वेळा ताणले यापेक्षा ते जास्तीत जास्त कुठवर ताणले गेले, हे त्याला अधिक लक्षात राहते. घट होते ती बहुतेक पहिल्याच फेरीत. पुढच्या काही फेऱ्यांत थोडी आणखी होते आणि मग आलेख जवळपास स्थिरावतो.

फ्रान्समधल्या तुलूझ इथे बुआस आणि कारिएर यांनी १९०३ साली ही गोष्ट नोंदवली होती. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत होल्ट यांनी वारंवार ताणलेल्या रबराची मोजमापे प्रसिद्ध केली. पण शास्त्रात या परिणामाला नाव मिळाले ते लेनर्ड मलिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाचे. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि १९६९ साली त्यावर एक विस्तृत आढावा लिहिला. मधली वीस वर्षे ते या एका प्रश्नाकडे परत परत येत राहिले. आज जगभर याला मलिन्स परिणाम म्हणतात. मला हा माणूस फार आदरणीय वाटतो. मूळ शोध आधी दुसऱ्यांनी लावला होता, तरी प्रश्न सोडायचा नाही हा हट्ट त्यांचा होता.

कारणाकडे वळण्याआधी रबर मुळात परत का खेचले जाते ते पाहावे लागेल. इंग्लंडमधल्या केंडल गावी जॉन गॉफ नावाचे एक निसर्गअभ्यासक राहत. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. १८०५ साली त्यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. रबराची पट्टी ओठांना लावून झटकन ताणली तर ती कोमट लागते आणि सैल सोडली तर गार. वजन टांगलेली रबराची पट्टी तापवली तर ती लांबत नाही, उलट आखडते, हेही त्यांनी सांगितले. पुढे १८५९ मध्ये जूल यांनी याची काटेकोर मोजमापे केली. पण उलगडा व्हायला १९३०चे दशक उजाडावे लागले. रबराचे रेणू म्हणजे अतिशय लांब साखळ्या. उष्णतेने त्या सतत वळवळत असतात आणि मोकळ्या असल्या की गुंता होऊन राहतात. ताणल्यावर त्या सरळ होतात आणि वळवळ त्यांना पुन्हा गुंत्याकडे ओढते. पोलादाच्या तारेत अणूंमधले बंध ताणले जातात. रबरात मुख्यतः ही वळवळच परत खेचत असते. म्हणून रबर जितके तापलेले, तितके त्याचे खेचणे जोरकस.

या सिद्धांतातल्या आदर्श रबराला इतिहास नसतो. सोडले की सगळे पूर्ववत. १९४०च्या दशकात मूनी आणि रिव्हलिन यांनी आणि १९७२ मध्ये रे ऑग्डेन यांनी रबराची जी गणिती मॉडेले दिली, ती अशाच इतिहास नसलेल्या रबराची आहेत. त्यांत रबराने पोटात साठवलेली ऊर्जा केवळ आताच्या ताणावर ठरते, कालच्या ताणाशी तिचा संबंध नसतो. ही मॉडेले फार सुंदर आहेत आणि आजही वापरात आहेत. पण पहिली आणि दुसरी खेप यांतला फरक त्यांना सांगता येत नाही.

कारखान्यातले रबर तर आदर्शापासून आणखी दूर असते, कारण त्यात काजळी असते. १९०४ च्या सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातल्या कारखान्यात मोट यांच्या लक्षात आले की कार्बन ब्लॅक, म्हणजे औद्योगिक काजळी, मिसळली की रबर कमालीचे बळकट होते. काही वर्षांतच अमेरिकी टायर कारखान्यांनी ते उचलले आणि टायर कायमचे काळे झाले. टायरच्या बाहेरच्या थरात वजनाने १०० भाग रबराला साधारण ५० भाग काजळी घालतात. आकारमानाच्या हिशेबात ती एकूण मिश्रणाच्या सुमारे २० टक्के भरते. काजळीचे कण काही दहा नॅनोमीटरचे असतात आणि ते एकमेकांना चिकटून झुबके करून राहतात.

कण स्वतः ताणले जात नाहीत, त्यामुळे सगळा ताण मधल्या रबराला सोसावा लागतो. गूथ आणि गोल्ड यांनी १९३८ मध्ये दिलेल्या सूत्राने हिशेब केला, तर २० टक्के काजळी असलेल्या मिश्रणात हा वाढीव गुणक २ च्या थोडा वर येतो. मलिन्स आणि टोबिन यांनी तो ताणाला लावला. बाहेरून पट्टी ५० टक्के लांबलेली दिसते, तेव्हा आतले रबर सरासरी १०० टक्के लांबलेले असते. ही झाली सरासरी. जिथे दोन कण अगदी जवळ आहेत, तिथल्या चिंचोळ्या जागेतल्या आखूड साखळ्यांची ओढाताण याहून कितीतरी जास्त होते.

मग आत नेमके काय घडते? सत्तर वर्षे यावर वाद चालू आहे आणि तो मिटला आहे असे मी म्हणणार नाही. ब्लँचर्ड आणि पार्किन्सन यांनी १९५२ मध्ये मांडले की काजळी आणि रबर यांच्यामधले काही जोड दुबळे असतात आणि पहिल्या ताणात ते सुटतात. १९६० मध्ये बुके यांनी त्या आखूड साखळ्यांवर बोट ठेवले. दोन कणांमध्ये ज्या साखळीत पुरेशी सैलाई नाही, ती पहिल्यांदाच कमाल ताणाला तुटते किंवा कणावरून निखळते. पुढच्या खेपेला ती बळ देऊ शकत नाही. मात्र जुनी मर्यादा ओलांडली की तिच्याहून थोड्या लांब, अजून शाबूत साखळ्यांची पाळी येते. कमाल ताणाचीच आठवण का राहते, याचे इतके स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुणी दिलेले नाही. हौविंक यांचे मत वेगळे होते. त्यांच्या मते साखळ्या तुटत नाहीत, कणांच्या पृष्ठभागावरून घसरतात. काहींनी काजळीचे झुबकेच फुटतात असे म्हटले. आणि १९६०च्या दशकात हारवुड, मलिन्स आणि पेन यांनी दाखवले की काजळी नसलेले रबरही पुरेशा मोठ्या ताणापर्यंत नेले तर मऊ पडते. म्हणजे सगळा दोष काजळीच्या माथी मारता येत नाही.

साखळ्या खरोखर तुटतात की नाही, हे डोळ्यांनी पाहण्याची युक्ती अलीकडे सापडली. बंध तुटला की प्रकाश सोडणारे रेणू रबराच्या जाळ्यात गुंफायचे आणि अंधारात नमुना ताणायचा. क्लफ, क्रेटन, क्रेग आणि सायब्समा यांनी २०१६ मध्ये सिलिका मिसळलेल्या सिलिकॉन रबरावर हा प्रयोग प्रसिद्ध केला. नमुना ताणताना प्रकाश दिसला. काही बंध कायमचे तुटतात हे त्यातून सिद्ध झाले. पण सगळे मऊ पडणे तुटण्यातून आले असते, तर ते कधीच भरून निघाले नसते. प्रत्यक्षात ताणलेले रबर काही काळ मोकळे ठेवले, तर गेलेला ताठरपणा थोडा थोडा परत येतो. खोलीच्या तापमानाला हे फार सावकाश होते, गरम केले तर लवकर. मला स्वतःला वाटते की तुटणे, घसरणे आणि झुबके फुटणे हे तिन्ही एकाच वेळी चालते आणि कोणत्या मिश्रणात कशाचा वाटा किती, हाच खरा प्रश्न आहे. एका कारणाचा आग्रह धरणाऱ्यांनी या क्षेत्राचा बराच वेळ घेतला.

अभियंत्याला मात्र वाद संपेपर्यंत थांबता येत नाही. त्याला उद्या बेअरिंगचे रेखाटन द्यायचे असते. त्याच्यासाठी ऑग्डेन आणि रॉक्सबर्ग यांनी १९९९ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक मॉडेल मांडले. त्याची मूळ कल्पना कुणालाही समजावी इतकी साधी आहे. आधी न ताणलेल्या रबराची ऊर्जा कोणत्याही जुन्या मॉडेलने काढा. मग त्यातून येणाऱ्या बळाला एका गुणकाने गुणा. रबर पहिल्यांदाच नव्या मर्यादेकडे जात असेल, तर गुणक १. परत फिरले की गुणक १ च्या खाली उतरतो. किती उतरायचा, हे आताची ऊर्जा आजवरच्या कमाल ऊर्जेपेक्षा किती खाली आहे यावर ठरते. नदीकाठच्या घाटावर फक्त सर्वांत मोठ्या पुराची रेषा कोरावी आणि लहानसहान पूर सोडून द्यावेत, तसे हे मॉडेल एकच आकडा जपून ठेवते.

मऊ पडण्याचे वर्णन करायला यात मुख्यतः दोन स्थिरांक लागतात. एकाने मऊ पडण्याची कमाल सीमा ठरते. तो २ असेल, तर कोणत्याही लांबीला बळ मूळच्या निम्म्याखाली जाऊ शकत नाही. दुसऱ्याने ठरते की मऊपणा लहान ताणातच दिसू लागतो की मोठ्या ताणापर्यंत वाट पाहतो. आज कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या मोठ्या संगणक प्रणालींत, अबॅकस आणि अन्सिसमध्ये, हे मॉडेल तयार मिळते. मोटारीच्या सुट्या भागांचा तरुण अभियंता दोन आकडे भरतो आणि संगणक पुढचे करतो.

आकडे भरणे इतके सोपे झाल्यामुळेच मॉडेलला काय दिसत नाही, हे मला सविस्तर सांगावेसे वाटते. मूळ मॉडेलमध्ये परतताना आणि पुन्हा ताणताना वाट तंतोतंत एकच असते. खऱ्या रबरात दोन वाटांमध्ये फट असते आणि त्या फटीएवढी ऊर्जा उष्णता होऊन जाते. पट्टी सोडल्यावर ती मूळ लांबीपेक्षा थोडी लांब राहते, तेही मूळ मॉडेलमध्ये नाही. डॉर्फमन आणि ऑग्डेन यांनी २००४ मध्ये ही उणीव भरून काढणारी आवृत्ती दिली. दिशेचा प्रश्न आणखी अवघड आहे. रबराची मोठी चादर एका दिशेने ताणा आणि मग तिच्यातून उभ्या-आडव्या लहान पट्ट्या कापा. ज्या दिशेने ताणले त्या दिशेची पट्टी जास्त मऊ पडलेली असते, आडवी पट्टी कमी. केवळ ऊर्जेचा एक आकडा जपणाऱ्या मॉडेलला दिशा कळत नाही, ते सगळ्याच दिशांना सारखे मऊ करून टाकते. वेगवेगळ्या दिशांच्या साखळ्यांचा वेगवेगळा हिशेब ठेवणारी मॉडेले पुढे आली आहेत, पण त्यांना चाचण्या जास्त लागतात आणि घाईच्या कामात त्या कुणी करत नाही.

सर्वांत मोठी उणीव काळाची आहे. कोरलेली पूररेषा पुसट होत नाही. रबराची आठवण मात्र हळूहळू पुसट होत जाते. आणि माझे आजचे म्हणणे इथेच आहे.

रबराच्या चाचणीचा एक प्रघात आहे. नमुना आला की आधी तो काही वेळा ताणून सैल करून घ्यायचा, आलेख स्थिरावला की मगच मोजमाप घ्यायचे. याला कंडिशनिंग म्हणतात, बेअरिंगच्या बाबतीत स्क्रॅगिंग. पहिल्या फेरीचा आलेख बहुतेक वेळा कागदावर येतच नाही. इंजिनाखालच्या ठोकळ्यासाठी हा प्रघात योग्य आहे. गाडी गावाच्या वेशीपर्यंत जाईतो त्या ठोकळ्याने हजारो हेलकावे खाल्लेले असतात, त्याला स्थिरावलेला आलेखच लागू पडतो. पण प्रत्येक रबर असे जगत नाही.

भूकंपरोधक पायाचे बेअरिंग पाहा. रबराचे पातळ थर आणि पोलादी पत्रे एकाआड एक चिकटवून ते बनवतात. उभ्या भाराला ते ताठ असते, आडव्या हालचालीला मऊ. जमीन हलली की इमारत तिच्यावर सावकाश डुलते. जास्त ऊर्जा शोषण्यासाठी या रबरात काजळीसारखा भराव भरपूर घालतात आणि भराव जितका जास्त, तितका मलिन्स परिणाम मोठा. अशा रबरावर उभी असलेली अमेरिकेतली पहिली इमारत म्हणजे कॅलिफोर्नियातल्या रांचो कुकामोंगाची न्यायालय-इमारत, १९८५ ची. तिचे रबर इंग्लंडमधल्या मलेशियन रबर प्रोड्यूसर्स रिसर्च असोसिएशनने विकसित केले होते. मलिन्स यांनी पुढची वर्षे जिथे काढली, ती हीच संस्था.

आता असे बेअरिंग कारखान्यात ताणून, सैल करून, मोजून इमारतीखाली बसवले. त्यानंतर वीस वर्षे ते शांत उभे आहे. या काळात त्याचा गेलेला ताठरपणा बराचसा परत आलेला असतो. मग एका रात्री भूकंप येतो. पहिल्या मोठ्या हेलकाव्याला इमारतीला भेटणारे रबर हे कारखान्यातल्या तिसऱ्या फेरीचे नसते, ते पहिल्या फेरीच्या जवळचे असते. पाया अपेक्षेपेक्षा ताठ निघतो आणि इमारतीत जास्त बळ शिरते. दोन-तीन हेलकाव्यांनंतर तोच पाया मऊ पडतो आणि आता हालचाल वाढते, म्हणजे भोवतीची मोकळी जागा तेवढी हवी. दोन्ही टोके धरावी लागतात. अमेरिकेच्या पूल-संहितेत स्क्रॅगिंगसाठी वेगळा गुणक आहे तो यासाठीच.

हे आपल्यापासून दूरचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने काय सोसले, ते या सभागृहातल्या अनेकांना आठवत असेल. त्यानंतर नव्याने वसवलेल्या किल्लारीत एक शाळा आणि एक बाजार-संकुल, विटांच्या दोन एकमजली इमारती, रबरी बेअरिंगवर उभारल्या गेल्या. भारतात हे तंत्र प्रत्यक्ष करून दाखवले गेले ते तिथे. पुढे २००१ च्या भूकंपानंतर भुजचे रुग्णालयही याच तंत्राने बांधले गेले. जिथे जिथे असा पाया येईल, तिथे तिथे त्याचे रबर वर्षानुवर्षे विसावलेले असेल आणि त्याच्या पहिल्या ताणाचीच परीक्षा होईल. गॅसकेट किंवा सीलची रिंगही अशीच. बसवताना ती एकदाच मोठी ताणली जाते आणि मग वर्षानुवर्षे दबून राहते. तिलाही स्थिरावलेला आलेख लागू नाही.

माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी चाचणी-अहवालांत रबराच्या ताठरपणाचा एकच आकडा असतो. तो कितव्या फेरीचा, कमाल ताण किती दिला होता, दोन फेऱ्यांमध्ये नमुना किती वेळ सैल ठेवला, यातले काहीच लिहिलेले नसते. असा आकडा मॉडेलमध्ये भरला की संगणक त्यावर विश्वास ठेवतो, कारण न ठेवण्याची सोय त्याच्याकडे नाही. उत्तम मॉडेलही मग खोटेच बोलते. मॉडेल सुधारण्याचे काम गणितज्ञ करतील, ते करत आहेतच. पहिला आलेख टिकवून ठेवण्याचे काम मात्र चाचणी घेणाऱ्याचे आहे आणि ते त्याच्याशिवाय कुणी करू शकत नाही, कारण त्या नमुन्याचा पहिला ताण पुन्हा घेता येत नाही.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि प्रयोगशाळांतल्या मित्रांना म्हणून माझी विनंती आहे. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये रबर संशोधनाची मोठी संस्था आहे, तिथे संधी मिळाली तर जरूर काम करा. कुठेही काम केलेत तरी पहिल्या फेरीचा आलेख अहवालात छापा. त्याच्या शेजारी तापमान, ताणण्याचा वेग, दिलेला कमाल ताण आणि कोणत्या दिशेने नमुना कापला हे लिहा. जमेल तेव्हा तोच नमुना काही महिने मोकळा ठेवून पुन्हा ताणा आणि किती ताठरपणा परत आला ते नोंदवा. यासाठी नवे यंत्र लागत नाही, फक्त नमुन्यावर तारीख घालून तो जपून ठेवावा लागतो.